बेसूर असलात तरी या

आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला. आम्ही परत राहायला आलो तेव्हा घर ऐसपैस झालं होतं, पण शेजार पार उडाला होता. ठाण्याच्या पाचपाखाडीतली तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी होती आमची. जिन्यात गाठ पडायचीच. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या मुलीचं जमलंय, कोणाला कावीळ झालीय, हे कधी विचारावं लागलं नाही. दूध आणायला खाली उतरलं की कळायचं. रिडेव्हलपमेंटच्या काळात सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. कोणी घोडबंदर रोडला, कोणी बदलापूरला, काहीजण गावी गेले ते तिकडेच रमले. चाव्या मिळाल्या तेव्हा निम्म्याहून जास्त फ्लॅट नव्या लोकांचे होते. माणसांना आडनावांऐवजी नंबर आले. चौदाशे दोनवाल्या आजी. नऊशे एकचं रडणारं बाळ. अकराशे चारचे ते कुत्रेवाले.

अशात एक दिवस लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला दिसला. ‘बुधवारी संध्याकाळी साडेपाच, क्लब हाऊस. सगळ्यांनी मिळून गायचं. फी नाही. बेसूर असलात तरी या.’ खाली सहाव्या मजल्याचा फ्लॅट नंबर. तिथल्या बाई पेटी शिकवतात, एवढं माहीत होतं.

मला गाण्याची काही विशेष ओढ नव्हती. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर ऐकलेला मुख्य आवाज म्हणजे वॉर्डातल्या मॉनिटरचा. पण त्या पेटीवाल्या बाई स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, एक गृहस्थ येणार आहेत, त्यांना दम लागतो. तुम्ही नुसत्या बसलात तरी मला धीर येईल.” म्हणजे माझी भरती झाली ती गाणारी म्हणून नव्हे, ड्युटीवरची म्हणून.

पहिल्या बुधवारी जमलेल्यांत निम्मे लोक काय चाललंय ते बघायला आले होते. बाईंनी पेटीवर सूर धरला आणि म्हणाल्या, तोंड मिटून नुसतं ‘म्’ करा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माणसं चारचौघांत जेवतील, भांडतील, झोपतीलसुद्धा, पण तोंडातून सूर काढायचा म्हटलं की कानशिलं तापतात. शाळेत कधीतरी कोणीतरी ‘तू नुसते ओठ हलव’ म्हटलेलं असतं, ते साठीतही निघत नाही. माझ्या शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका खरोखरच नुसते ओठ हलवत होते. बाईंच्या लक्षात आलं असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या गोल करायला लावल्या आणि पाठीमागे कोणी बसायचं नाही एवढंच सांगितलं.

दुसरा पेच कराओकेवाल्यांचा. ठाण्यात सध्या निवृत्त माणसांत कराओकेची लाट आहे. छोटे हॉल भाड्याने घ्यायचे, ट्रॅक लावायचा, प्रत्येकाला ठरावीक गाणी, शेवटी चहा-वडा. आमच्याकडचे तिघे-चौघे त्यात मुरलेले. त्यांचं म्हणणं, स्पीकर आहे, माइक आहे, मग हे शाळेच्या प्रार्थनेसारखं कशाला? मी त्यांच्याबरोबर एकदा त्या कार्यक्रमाला जाऊन आले आहे. वाईट काही नाही. माणसं नटूनथटून येतात, मजा करतात. पण मला तिथे दिसलं ते असं, की एक जण गातो आणि वीस जण आपला नंबर कधी लागेल म्हणून मोबाइलमध्ये शब्द घोकत बसतात. टाळ्या वाजतात, कान मात्र जाग्यावर नसतात. एकत्र गाताना शेजारचा ऐकावाच लागतो, नाहीतर आपण एकटेच पुढे पळतो. कराओकेवाल्यांपैकी दोघे टिकले. एकांना दर वेळी शेवटची ओळ लांबवायची सवय होती, ती मोडायला बराच काळ गेला.

खरी डोकेदुखी पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला ‘सा’ धरायचा याची. ज्यांनी मिश्र गट चालवलाय त्यांना कळेल. पुरुष सहसा काळी एकच्या आसपास मोकळे गातात, बायका काळी चार-पाचला. दोघांनी एकत्र गायचं म्हणजे मधली कुठलीतरी पट्टी घ्यायची. मग वरच्या सुरांना पुरुषांच्या मानेच्या शिरा ताठ होतात आणि खालच्या सुरांना बायकांचा आवाजच नाहीसा होतो. बाईंनी काळी तीन धरली आणि फतवा काढला: पंचमाच्या, म्हणजे ‘प’च्या, फार वर किंवा षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, फार खाली जाणारं गाणं आणायचं नाही. त्यामुळे नाट्यगीतं, रेडिओवरची गाजलेली भावगीतं एका फटक्यात बाद. उरली ती लोकांची गाणी: ओव्या, भोंडल्याची गाणी, कोळीगीतं, गजर, पाळणे. विचार केला तर ती गाणी मुळातच सगळ्यांनी मिळून गायची, म्हणून पाच-सहा सुरांत बसवलेली. हे आपल्या आज्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

काय गायचं यावरूनही थोडी कुरबुर झाली. काहींना फक्त भजनं हवी होती. पण आठव्या मजल्यावरच्या भाभी नमाज आटोपून येतात, पंधराव्या मजल्यावरच्या मल्याळी बाई चर्चमध्ये लहानपणापासून गात आलेल्या आहेत, दोन गुजराती जावा गरब्यात वाढलेल्या. शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपल्या घरातलं एक गाणं आणायचं आणि इतरांनी ते शिकायचं. मल्याळी शब्द आमच्या तोंडी जे काही होतात, त्याला त्या बाई पोट धरून हसतात.

ओव्यांचं खातं चौदाशे दोनवाल्या आजींकडे. आजी साताऱ्याकडच्या, मुलगा परदेशात, सकाळी एक बाई स्वयंपाकाला येते, बाकी दिवस खिडकीत. पहिले काही बुधवार त्या नुसत्या बसल्या. मग एकदा बाईंनी ओवी म्हणा म्हटल्यावर दोन माहेरच्या म्हटल्या, आणि तिसरी अशी आली:

चौदाव्या मजल्यावरी, वाऱ्याला नाही तोटा
शेजीचं दार बंद, बोलाया नाही ओटा

पाठ केलेली नव्हती, जागच्या जागी जुळवली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, असं मी वाचलं होतं. वाचताना वाटलं होतं, एवढ्या कशा असतील? त्या संध्याकाळी लक्षात आलं. तेराव्या मजल्यावरच्या वहिनी दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन थेट आजींच्या दारात गेल्या. वहिनी म्हणतात ओवीचा काही संबंध नाही, गवार जास्त झाली होती.

आता त्या दम लागणाऱ्या गृहस्थांबद्दल. त्यांना सगळे बुवा म्हणतात. सिंधुदुर्गातले. तरुणपणी नोकरीसाठी ठाण्यात आले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पावडर भरण्याच्या खात्यात चिकटले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तेव्हाची तिची पहिली वसाहत ही. ठाण्यातल्या कितीतरी घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. धूळ आणि त्यावर विडी, दोन्हींनी मिळून बुवांच्या फुप्फुसांचं काम केलं. निदान सीओपीडी, फुप्फुसांचा जुनाट आजार. पण गडी मूळचा भजनी. डबलबारीला उभा राहायचा: समोरासमोर दोन बुवा, पखवाज, झांज, मागे कोरस, पहाटेपर्यंत सवाल-जवाब. दम कमी पडायला लागल्यावर पेटी कपाटावर चढली ती तिथेच राहिली. मला म्हणाले होते, “सिस्टर, माका एक वळ पुरी करूक दम पुरणा नाय, बुवा खयचो?”

डॉक्टरांनी त्यांना चालणं, इन्हेलर आणि श्वासाचे व्यायाम सांगितले होते. घरी तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्रही होतं, जे ऑपरेशननंतर प्रत्येक पेशंटच्या हातात आम्ही देतो. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर जातात. बुवांच्या घरी त्यात नातू पाणी भरून खेळत होता. याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या नोकरीत ते यंत्र मनापासून वापरणारे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कंटाळवाणं असतं हो. गोळी वर गेली, खाली आली, पुढे काय?

शिवाय सीओपीडीत मुख्य अडचण हवा आत घेण्याची नसून बाहेर टाकण्याची असते. श्वासनळ्या आक्रसलेल्या, फुप्फुसं ढिली पडलेली, जुनी हवा आत साठून राहते आणि तिच्यावर नवी घ्यायची धडपड. म्हणून आम्ही पेशंटला ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतो. गाताना नेमकं तेच घडतं: झटकन श्वास घ्यायचा आणि ओळभर, थोडा थोडा सोडत राहायचा. सूर हलला की कळतं, हवा एकदम सुटली. म्हणजे तपासनीस आपल्याच गळ्यात.

पण बुवांची ओळ पुरत नव्हती त्याचं काय? याचं उत्तर भजनातच होतं, बुवांना ते स्वतःपुरतं लावायचं सुचलं नव्हतं इतकंच. भजनात एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. कोरस गातो तेवढा वेळ बुवा श्वास घेतो. डबलबारीत बुवाची ओळ लांब, ताना, आलाप. ते सगळं काढून टाकलं. बुवा अर्धी ओळ म्हणणार, आम्ही ती पुरी करणार आणि परत म्हणणार. आम्ही गात असताना ते इन्हेलरच्या वेळी शिकवलेला लांब उच्छ्वास करतात. शिवाय बाईंनी आणखी एक गोष्ट सगळ्यांना शिकवली: शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. मग ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते आणि गाणाऱ्या कोणालाच ती अखंड गावी लागत नाही. मी बुवांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायचे. आकड्यात जादू काही झाली नाही, तो गाण्याआधी जेवढा तेवढाच नंतर. बदल दिसला तो खांद्यांत. दम लागणारा माणूस श्वास घेताना खांदे कानापर्यंत उचलतो. काही महिन्यांनी बुवांचे खांदे खाली राहायला लागले आणि पोट हलायला लागलं. वॉर्डात असते तर मी हे केसपेपरवर लिहिलं असतं.

इन्हेलर बंद करू का, असं त्यांनी एकदा हळूच विचारलं. मी म्हटलं, बुवा, आधी गाणं बंद करा, मग इन्हेलरचं बघू. गाणं आणि सीओपीडी यावरचे अभ्यास कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये एकत्र तपासले होते. हाती लागले तीन अभ्यास, मिळून ११२ पेशंट. गाण्याने अपाय झाल्याचं दिसलं नाही, शारीरिक आरोग्याबद्दल थोडा फायदा दिसला, पण पुरावा कच्चा आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. एवढ्यावर औषध सोडायचं नसतं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र गाण्याने काय काय बरं होतं याची दर गुरुवारी नवी यादी येते. कॅन्सरपर्यंत मजल गेली होती. त्याचं मूळ मी शोधून काढलं. २०१६ साली साऊथ वेल्समधल्या कॅन्सर रुग्णांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या गायनगटांत १९३ जणांची लाळ तासाभराच्या गाण्याआधी आणि नंतर तपासली. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल उतरलं होतं, प्रतिकारशक्तीशी संबंधित काही प्रथिनं वाढली होती आणि लोकांना बरं वाटत होतं. गाठ विरघळल्याचं कोणी म्हटलेलं नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं, त्यावर तीन हात जोडलेले आले आणि पुढच्या गुरुवारी तोच फॉरवर्ड पुन्हा.

मला पटतं ते साधं शरीरशास्त्र. एरवी बसल्या जागी आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. दहा सेकंदांची ओळ संथ गायली तर तो सहावर येतो. श्वास घेताना हृदयाचा वेग जरा वाढतो, सोडताना मंदावतो, कारण व्हेगस मज्जातंतू त्याला लगाम घालतो. लांब उच्छ्वास म्हणजे लांब लगाम. आणि सगळे एकाच ठिकाणी श्वास घेत असतील तर सगळ्यांच्या हृदयांचा वेग एका लयीत वरखाली होतो. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला २०१३ मध्ये १५ तरुण मुलामुलींवर हे मोजून दाखवलंय. वारकऱ्यांना याचं काही अप्रूप वाटणार नाही.

टॉवरच्या दृष्टीने मला सगळ्यात उपयोगी वाटला तो ऑक्सफर्डचा २०१५चा अभ्यास. प्रौढांचे नवे वर्ग सुरू केले: काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिने लोकांना विचारत राहिले, वर्गातली माणसं किती जवळची वाटतात. शेवटी सगळे वर्ग साधारण सारख्याच जवळिकीला पोचले, पण गाणारे फार लवकर पोचले. एकमेकांशी वैयक्तिक काही बोलण्याआधीच गटाशी नाळ जुळली. आमचं अगदी असंच झालं. अकराशे चारचे कुत्रेवाले आणि मी कित्येक बुधवार शेजारी बसून गात होतो, आणि त्यांचं आडनाव मला बऱ्याच उशिरा कळलं. पण त्यांचा सूर पंचमाला जरा चढतो हे आधी माहीत झालं होतं. त्यांच्या कुत्र्याबद्दल मी पूर्वी सोसायटीकडे तक्रार केली होती, हेही त्यांना नंतरच कळलं.

नऊशे एकच्या मुलीचं थोडं सांगते. बाळ तीन महिन्यांचं, नवरा ऐरोलीला आयटीत, रात्रीची शिफ्ट. आई येऊन गेलेली. लिफ्टमध्ये तिचे डोळे बघितले आणि माझ्यातली सिस्टर जागी झाली. बाळंतपणानंतरची उदासी आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य यातला फरक आम्हाला शिकवलेला असतो. उदासी दोन आठवड्यांत ओसरते, ही ओसरलेली नव्हती. तिला मी आधी डॉक्टरकडे पाठवलं, मग बुधवारी बोलावलं. बाळ घेऊन आली. बाळ रडलं तर आजी घ्यायच्या, मग भाभी, मग गुजराती जावांपैकी कोणीतरी. असं ते गोलभर फिरायचं आणि ती मोकळ्या हातांनी गायची. लंडनमध्ये २०१८ साली १३४ नव्या आयांवर दहा आठवड्यांचा असा प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती, त्यांच्यात गाणाऱ्या आया इतरांपेक्षा लवकर सावरल्या. आमच्या मुलीला औषधाने किती आणि गाण्याने किती फरक पडला, हे वेगळं काढता येणार नाही. बाळ मात्र आता पाळण्याचा एकच सूर धरून किंचाळतं आणि तो काळी तीनचाच असतो, असं पेटीवाल्या बाईंचं ठाम मत आहे.

तक्रारी आल्याच. एका रहिवाशाने कमिटीला अर्ज दिला: मुलाची दहावी, क्लब हाऊसमधून आवाज, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वगैरे. त्या नियमांतली भोंग्यांवरची बंदी रात्री दहा ते सकाळी सहाची, आमचं सगळं साडेसहाला आटोपलेलं. तरी मी त्यांची बाजू घेतली. स्पीकर तेव्हा होता, कराओकेवाल्यांच्या हट्टापायी. त्या अर्जामुळे तो एकदाचा गेला आणि गाणं सुधारलं. माइक ज्याच्या हातात, त्याचंच ऐकू येतं. बाकीचे सैल पडतात. आता खिडक्या उघड्या ठेवून बिनमाइकचं गातो. दहावीचा मुलगा परीक्षा संपल्यावर ढोलकी घेऊन आला.

खिडक्यांवरून आठवलं. ताप, खोकला असेल त्याने यायचं नाही, हा माझा एकमेव नियम आणि त्यावर मी वाईटपणा घेते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनगटाची अडीच तासांची तालीम झाली, ६१ जण हजर, त्यातले ५३ कोविडने आजारी पडले, दोघे गेले. मोठ्याने गाताना तोंडातून बारीक थेंब बोलण्यापेक्षा जास्त उडतात. बुवांसारखी फुप्फुसं गोलात बसलेली असताना हे विसरून चालत नाही. पावसाळ्यात डासांमुळे लोक खिडक्या लावतात, मी उघडते, ते लावतात, मी उघडते.

जो आला नाही त्याला त्याच रात्री फोन करायचा, हेही आपोआप सुरू झालं. जुलैत आजी आल्या नाहीत, फोन उचलेनात. तेराव्या मजल्यावरच्या वहिनी वर गेल्या. बीपीच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते. पावसामुळे उतरल्या नव्हत्या आणि मुलाला सांगून उगाच काळजी कशाला, म्हणून गप्प. १८० बाय १०० होतं. जुन्या बिल्डिंगमध्ये हे पहिल्याच दिवशी जिन्यात कळलं असतं.

मग गणेशोत्सव आला आणि कमिटीला वाटलं, आपल्याकडे गायनगट आहे तर स्टेजवर बसवू. चर्चा सुरू झाल्या: बायकांना एकसारख्या मोरपंखी साड्या, पुरुषांना कुर्ते, तालमी रोज, आणि ‘ज्यांचा सूर कच्चा आहे त्यांनी या वेळी मागे बसावं’. हे वाक्य ऐकलं आणि बँकेतले काका पुढच्या तालमीला आले नाहीत. बऱ्याच महिन्यांनी ते ओठ हलवण्यापासून खरा आवाज काढण्यापर्यंत आले होते. मी, भाभी आणि आजी एका बाजूला, कराओकेवाले आणि कमिटी दुसऱ्या बाजूला. पेटीवाल्या बाई मधे, कारण त्यांनाही कुठेतरी स्टेज हवंच होतं; त्यांना दोष देत नाही, त्यांची विद्या आहे ती. शेवटी स्टेज झालं नाही. गट मंडपात लोकांमध्ये विखरून बसला आणि गजर सुरू केला, दोन ओळींनंतर अख्खा मंडप गात होता. सॅन फ्रान्सिस्कोत १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांवर ३९० वृद्धांचे गायनगट करून तपासलं होतं, तिथे स्मरणशक्ती आणि पायांतली ताकद यांत लक्षणीय फरक पडला नाही. एकटेपणा मात्र कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. सुराची परीक्षा घेऊन मागे बसवलेल्या माणसाचा एकटेपणा कमी होईल, असं मला तरी वाटत नाही. काकांना परत आणायला कुत्रेवाले घरी गेले होते. आले एकदाचे.

सध्या नवीन भानगड आहे ती बी विंगची. त्यांचं म्हणणं, बुधवार जमत नाही आणि आमच्याकडेही एक पेटीवाला आहे, तर आम्ही शनिवारी आमचा वेगळा गट काढतो. कमिटीच्या बैठकीत यावर अर्धा तास वाद झाला, फूट पडली, राजकारण आहे, वगैरे. बुवा कोपऱ्यात बसून ऐकत होते. सगळे बोलून दमल्यावर म्हणाले, “होऊंदेत दोन गट. मगे समोरासमोर डबलबारी लावूया.”

तारीख ठरायची आहे. बुवांनी कपाटावरची पेटी खाली काढलीय, भात्याला भोकं पडलीत म्हणून ती दुरुस्तीला गेलीय. आपली ओळ अर्धीच राहील, कोरसने ती उचलायची, हे त्यांनी आम्हाला बजावून ठेवलंय.